भिंगरीचे हात

कप पडला तेव्हा मावशी एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला पट्टी लावत होती. आवाज ऐकून तिचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच दाबलेला राहिला, आणि सुई पट्टी सोडून भलतीकडेच धावत गेली.

“काही नाही गं, कप होता,” स्वयंपाकघरातून भिंगरीचा आवाज आला. “हातातून निसटला.”

“तिथेच उभी राहा! हलू नकोस. कशाला हात लावू नकोस!”

भिंगरी ओट्यापाशी अनवाणी उभी होती. पायाशी दुधाचं थारोळं आणि त्यात पांढरे तुकडे. मावशीने तिला खांद्यांना धरून उचलल्यासारखंच बाजूला केलं. मग तुकडे वेचले, फरशी ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा कोरड्याने पुसली, आणि शेवटी गुडघ्यांवर बसून, मान तिरपी करून, कुठे एखादा कण चमकतोय का ते उजेडात पाहिलं.

“एवढं काय त्यात,” भिंगरी दारातून म्हणाली. “त्याचा कान तसाही तुटलेला होता.”

“कान तुटलेला म्हणून अख्खा फोडायचा?”

“सुटका केली बिचाऱ्याची.”

एरवी मावशी हसली असती. आज ती भिंगरीच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. पंधरा वर्षांच्या मुलीचा साधा हात, बोटांवर शाईचे डाग. पण परवा याच हातातून साबणाची वडी निसटली होती, आणि त्याआधी ताटली. 

धाकटीचंही असंच सुरू झालं होतं.

धाकटी म्हणजे मावशीची पाठची बहीण, भिंगरीची आई. नवऱ्याकडून तिला एचआयव्ही झाला आणि तिच्याकडून, जन्मतानाच, भिंगरीला. कुणाला काही उमगायच्या आत नवरा गेला. धाकटी काही वर्षं तगली, पण तिची औषधं सुरू झाली तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटच्या वर्षी आधी तिच्या हातातून चमचा पडायला लागला. मग स्वेटरची बटणं लावता येईनात. मग एक दिवस तिने मावशीला ‘आई’ म्हणून हाक मारली, आणि आई कधीच वारलेली होती. डॉक्टर म्हणाले, आजार डोक्यापर्यंत गेलाय. मावशीने तिला भरवलं, तिचे केस विंचरले, आणि एकेक गोष्ट तिच्यातून निघून जाताना पाहिली. चमचा पहिला गेला होता, हे ती विसरू शकत नव्हती.

भिंगरी चार वर्षांची असताना मावशीकडे आली, आणि त्याच सुमारास तिचं औषध सुरू झालं. तोवर ती सारखी आजारी असायची. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा. पाळण्यात गोल गोल फिरायची म्हणून धाकटीनेच तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली होती. पुढे ही भिंगरी भिंतीला धरल्याशिवाय पाऊल टाकेना, तेव्हा ते नाव घेणं मावशीला जड जायचं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता ती रोज न चुकता गोळी घेत होती. रक्त तपासलं की त्यात विषाणू सापडत नसे. बारा वर्षांची झाल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सगळं नीट सांगितलं होतं. ऐकून ती म्हणाली, “म्हणजे मला अशक्तपणा नव्हताच?” त्या नावाखाली इतकी वर्षं खाल्लेलं बीट फुकट गेलं, याचंच तिला त्या दिवशी जास्त वाईट वाटलेलं दिसलं. बाहेर मात्र हे कुणाला माहीत नव्हतं. शेजारी विचारत, पोरगी एवढी हळू कशी? मावशी सांगे, तिचा स्वभावच सावकाश आहे.

कपाच्या दिवसापासून मावशीने तिच्यावर पाळत ठेवली.

सकाळी डबा भरता भरता ती सहज विचारल्यासारखं विचारायची, “आज वार कोणता गं?” भिंगरी वार सांगायची. संध्याकाळी मावशी म्हणायची, “काल आपण काय जेवलो होतो, काही आठवतच नाही बघ.” भिंगरी तेही सांगायची. एकदा तिने मुद्दाम भिंगरीला दुकानात पाठवलं: मीठ, काडेपेटी आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. भिंगरी मीठ आणि रीळ घेऊन आली.

मावशीने पिशवीत डोकावून पाहिलं. “आणि काडेपेटी?”

“काडेपेटी घरात आहे. डब्याच्या मागे. परवाच तू आणलीस.” भिंगरीने पिशवी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे रोखून पाहिलं. “मावशी, गेले कित्येक दिवस तू मला रोज वार विचारतेस. तुझंच काही बिघडलंय का? डॉक्टरीणबाईंना सांगू?”

“गप बैस,” मावशी म्हणाली, पण तिला हसू आलं नाही.

कारण सगळंच काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शाळेतून बाईंनी बोलावून घेतलं होतं. म्हणाल्या, विचारलं की सगळं येतं, पण पेपर अर्धा राहतो. फळ्यावरचं उतरवून होत नाही. दोन कामं एकदम सांगितली की दुसरं हरवतं. जिना उतरताना भिंगरी प्रत्येक पायरीकडे बघून पाऊल टाकायची. बुटांची नाडी तर मावशीच बांधून द्यायची, पण ते नेहमीचंच होतं. मावशीने हे सारं धाकटीच्या शेजारी ठेवून पाहिलं, आणि जितकं जास्त पाहिलं तितक्या दोघी एकसारख्या दिसू लागल्या. कामात तिचं लक्ष लागेना. मशीन चालू असताना ती मधेच पाय उचलायची आणि आतल्या खोलीत काही पडल्याचा आवाज येतोय का ते ऐकत बसायची.

एवढ्या काळजीतही एक गोष्ट मात्र ती कधी चुकली नाही. दिवस मावळला, काम आवरलं, की ती कात्र्या एकेक करून पुसायची आणि कपाटात ठेवायची. सुया त्यांच्या उशीत, टाचण्या डबीत, डबी कपाटात. मग एक मोठं लोहचुंबक दोरीला बांधून ती सगळ्या जमिनीवरून फिरवायची. मशीनखालून, खुर्चीखालून, दाराच्या फटीतून. एखादी हरवलेली टाचणी टक्कन चिकटली की ती सुस्कारा टाकायची. शेवटी कपाटाला कुलूप. किल्ली जाड दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात असे, झोपेतसुद्धा. शिंपी मास्तरांच्या दुकानातून कापड येऊ लागल्यापासून, म्हणजे भिंगरी घरात आल्यापासून, हा क्रम चालत आला होता. आता तिला तो श्वासासारखा झाला होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी नेहमीचे कागद चाळले आणि म्हणाल्या, “रक्त छान आहे. पण जन्मापासून एचआयव्ही घेऊन वाढलेल्या मुलांची आम्ही आता आणखी एक तपासणी करतो. हातांची, चालण्याची, आठवणीची, लक्ष लागतं का त्याची. शेजारच्या खोलीत जा. दुखत काही नाही.”

मावशीला त्यातलं एवढंच ऐकू आलं, की आता डोकं तपासणार. गेले कित्येक दिवस ती जे चोरून करत होती, तेच आता उघडपणे होणार होतं, आणि कुणीतरी निकाल सांगणार होतं. तिला भिंगरीचा हात धरून तिथून थेट घरी पळून जावंसं वाटलं.

“मावशी, बोटं मोडतील माझी,” भिंगरी म्हणाली. तेव्हा कुठे तिला कळलं, की आपण हात किती घट्ट धरलाय.

शेजारच्या खोलीत जमिनीवर एक चटई होती, तिच्यावर रंगीत पट्टी आखलेली. चपला दाराशी काढायच्या होत्या. तपासणी करणारी तरुण बाई चष्मेवाली, हसरी, आणि तिच्यासमोर लाकडी ठोकळ्यांचं एक मोठं खोकं. भिंगरीने त्याच क्षणी तिचं नाव ठोकळेबाई ठेवलं, आणि ते मावशीच्या कानात सांगितलंही.

“तुम्ही कोपऱ्यात बसा,” ठोकळेबाई मावशीला म्हणाल्या. “पण मदत करायची नाही. खूण नाही, खाकरणं नाही.”

आधी गोष्ट झाली. ठोकळेबाईंनी एक गोष्ट वाचून दाखवली: एक माणूस पावसात बाजारात जातो, छत्री विसरतो, परत येतो, छत्री दुसऱ्याच्याच हातात. भिंगरीने ती जशीच्या तशी सांगितली, आणि वर म्हणाली, “पण पाऊस चालू होता, मग छत्री विसरून निघाल्यावर त्याच्या लगेच लक्षात कसं आलं नाही? गोष्टीत घोटाळा आहे.”

ठोकळेबाई हसल्या. मावशीचा श्वास जरा मोकळा झाला. पण मग आकडे उलटे म्हणायचे होते, तिथे भिंगरी अडखळली. सुरुवात बरोबर करायची आणि मधेच हरवायची. पट्टीवरून टाचेला चवडा लावत चालताना दोनदा तोल गेला. फेकलेला चेंडू छातीवर आपटून खाली पडला, मग तिने हात पुढे केले. भोकांच्या पाटीत बारीक खुंट्या बसवायच्या होत्या. एक खुंटी हातातून सुटली, टेबलावरून घरंगळली आणि मावशीच्या पायाशी आली. मावशीने ती उचलली नाही. मदत करायची नाही असं सांगितलं होतं म्हणून नव्हे. तिचे हातच उचलेनात. खुंटी पडल्याचा आवाज चमच्यासारखा झाला होता.

शेवटी ठोकळेबाईंनी कागदावर एक गोल काढून दिला आणि त्यावर कात्री ठेवली. “हा गोल काप.”

भिंगरीने कात्री उचलली. उलटसुलट करून पाहिली. एका भोकात मधलं बोट घातलं, दुसऱ्यात त्याच्या शेजारचं, आणि अंगठा बाहेरच राहिला. कागद पात्यांच्या मधे गेला आणि कापला न जाता दुमडला. तिने दोन्ही हातांनी कात्री मिटून पाहिली. कागद आणखी दुमडला.

ठोकळेबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मावशीकडे वळल्या. “तुम्ही काय काम करता?”

“शिवणकाम.”

“कुठे?”

“घरीच. मास्तरांच्या दुकानातून कापड येतं.”

“आणि हिने कधी कात्री धरली नाही?”

मावशीच्या आधी भिंगरीच बोलली. मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तशी. “कात्र्या कपाटात असतात. किल्ली मावशीच्या गळ्यात.”

मावशीचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

“नाडी कोण बांधतं?”

“मावशी.”

“भाजी कोण चिरतं?”

“मावशी. भाकरतुकडा मोडायची परवानगी आहे मला.”

“सायकल?”

“पडेन ना. रक्त येईल.” मग कागदाची दुमडलेली कड बोटाने सरळ करत ती मावशीला म्हणाली, “डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हापासून मला माहीत होतं, ते कुलूप माझ्या रक्तामुळे आहे. मी विचारलं नाही कधी. तुला वाईट वाटलं असतं.”

 मावशीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिला ती टाचणी आठवली. धाकटी जाऊन थोडेच दिवस झाले होते. भिंगरी मशीनखाली बसून खेळत होती, आणि टाचणी तिच्या तळहातात रुतली. मावशीने घाईघाईने ती उपसली, आणि तीच टाचणी तिच्या स्वतःच्या बोटात गेली. मुलगी रडत होती आणि मावशी आपल्या बोटावरच्या थेंबाकडे बघत होती. हा थेंब कुणाचा, तिचा की माझा? तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. पुढे डॉक्टरीणबाईंनी हजारदा समजावलं, की गोळ्या नीट चालू असल्यावर घरात वावरताना भिण्याचं काही कारण नाही. मावशीला ते पटलंही होतं. पण कुलूप तोवर लागलं होतं. ते भिंगरीला जपण्यासाठी आहे असं ती सगळ्यांना सांगायची, आणि ते खरंही होतं. अर्धं. उरलेलं अर्धं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते या मुलीला इतकी वर्षं ठाऊक होतं.

“हे पाहा,” ठोकळेबाई म्हणाल्या, “मी खोटं सांगणार नाही. हिचे हात वयाच्या मानाने मागे आहेत, आणि एकाच वेळी दोन गोष्टी डोक्यात धरणं तिला जड जातं. लहानपणी औषध उशिरा सुरू झालं, काही भाग त्याचा असेल. काही आजाराचाच असेल. आणि ज्या हातांना कधी काही करूच दिलं नाही, ते तरी कसे शिकणार? यातलं किती कशामुळे, हे आज सांगता येत नाही. सगळं एकमेकांत गुंतलंय.”

मावशीने अनेक दिवस घशात अडकलेला प्रश्न शेवटी बाहेर काढला. “हिच्या आईसारखं तर नाही ना?”

“रक्तात विषाणू सापडत नाही, म्हणजे शक्यता कमी. पण नाही म्हणून मी लिहून देणार नाही. काही महिने तिला हातांचं काम करू द्या. रोज. कापू द्या, ओवू द्या, बांधू द्या, सांडू द्या. मग परत या. हात शिकले, तर ते शिकणारे हात आहेत. उलट आणखी मागे गेले, तर मग डोक्याचा फोटो काढावा लागेल.”

दोघी घरी आल्या. दार उघडल्यावर मावशीने चप्पलही काढली नाही. गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला, कपाट उघडलं आणि किल्ली कुलपातच ठेवली. गळा हलका वाटेना. उघड्यावर पडल्यासारखं वाटलं.

“कुठली घेऊ?” भिंगरीने विचारलं.

“ती लहान. बोथट आहे ती.”

“बोथट कात्रीने काय कापू? दही?”

पण सुरुवात बोथट कात्रीनेच झाली. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, मग चिंध्या. भिंगरी समोर बसून कापायची आणि मावशी मशीनवर बसून तिच्या बोटांकडे बघायची. नजर तिकडे, हात इकडे. एका पँटचा एकच पाय तिने आखूड केला, आणि तोही चुकीचा. मास्तर ती पँट उलगडून दारात उभे राहिले.

“बाई, हे गिऱ्हाईक बगळ्यासारखं एका पायावर उभं राहतं काय?”

“राहू दे, करून देते.”

“तुमच्या हातून अशी चूक? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे हो.”

“मग डोळे कुठे असतात तुमचे?”

डोळे कुठे असायचे ते मावशी त्यांना कसं सांगणार? कधी भिंगरी सुईत दोरा एका दमात ओवायची आणि मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी तासभर झटून ओवू शकायची नाही, डबी उपडी व्हायची, बटणं चहूकडे पळायची, आणि मावशीच्या मनात पाल चुकचुकायची: कालचं आज येत नाही म्हणजे जातंय. धाकटीलाही असेच चांगले दिवस मधेमधे यायचे. त्या चांगल्या दिवसांनीच तर घात केला होता. आशा लावून पळून जायचे. भिंगरी चिडायची, कात्री आपटायची. “नाही जमत मला! तू मला लहान असताना का नाही शिकवलंस?”  मावशी खाली बसून बटणं गोळा करू लागायची, आणि मग आठवण होऊन हात मागे घ्यायची. “तूच गोळा कर.” हे एवढं म्हणताना तिच्या जिवाचं पाणी व्हायचं.

भिंगरीला एक काम मात्र आवडू लागलं: जुनी शिवण उसवणं. टोकदार पात्याने एकेक टाका उचलायचा, कापायचा, धागा ओढून काढायचा. ती इतकी सावकाश करायची की मावशीला जांभया यायच्या. पण कापडाला भोक पडायचं नाही. मास्तर एकदा म्हणाले, “हे कुणी उसवलंय? तुम्ही नव्हे, तुम्ही ओरबाडता.” भिंगरी दोन दिवस घरात राणीसारखी फिरत होती.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी ते झालं, ज्याची मावशी इतकी वर्षं वाट पाहत होती.

भिंगरी मोठी कात्री घेऊन बसली होती. मावशीने नको म्हटलं होतं, आणि तिने ऐकलं नव्हतं. टेबलावर एका हॉटेलच्या उशांचे पांढरे अभ्रे कापायला पसरले होते. कापडाची घडी जाड होती, डाव्या हाताचं बोट पात्याखाली आलं, आणि कात्री मिटली.

भिंगरी ओरडली नाही. दोघीही नुसत्या बघत राहिल्या. पांढऱ्या कापडावर एक लाल ठिपका उमटला, पसरला, शेजारी दुसरा पडला.

मावशी उठून उभी राहिली होती. तिच्या तर्जनीला सकाळीच सुई टोचली होती, नेहमीसारखी. तिला सगळं माहीत होतं, सगळं पटलेलं होतं, आणि तिचे पाय जमिनीला खिळले होते. एक पाऊल पुढे पडेना. तिने वर पाहिलं. भिंगरी जखमेकडे पाहतच नव्हती. ती मावशीच्या पायांकडे बघत होती.

“थांब तू,” भिंगरी म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. “मी करते.”

तिने बोट नळाखाली धरलं. फडक्याने दाबून ठेवलं. मग कपाटातून औषधाचा डबा काढला, चिकटपट्टी शोधली, आणि एका हाताने तिचा कागद सोलू लागली. तो कागद सोलणं चांगल्या हातांनाही जड जातं. नखात कड येईना. आली ती सुटली. भिंगरीने पट्टीचं टोक दातात धरलं, कड पुन्हा पकडली आणि ओढली. पट्टी आपल्याआपल्यातच चिकटून गेली. तिने ती टाकून दुसरी घेतली.

तोवर मावशीचे पाय सुटले होते. ती जवळ गेली. मदतीला पुढे झालेला हात तिने भिंगरीच्या पाठीवर ठेवला, आणि तिथेच ठेवला.

“लागलंय का खोल?”

“थोडं.” भिंगरी कागद सोलत होती. “तू भ्यायलीस ना?”

“हो.”

“मलाही भीती वाटली. तू येणार नाहीस अशी.”

दुसरी पट्टी वाकडी बसली, पण बसली. मग मावशीने आपल्या बोटाला एक पट्टी लावली, डागाळलेला अभ्रा उचलला आणि गार पाण्यात बुडवला. रक्ताला गारच पाणी लागतं; गरम पाण्याने डाग पक्का होतो. भिंगरी शेजारी येऊन उभी राहिली. “मी चोळते,” ती म्हणाली. “माझंच आहे.” मावशीने सरकून जागा दिली. बादलीत दोघींचे हात होते. मावशीने हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ठोकळेबाईंनी आधी बोट पाहिलं. “हे काय?”

“कात्री,” भिंगरी म्हणाली, पदक दाखवावं तशी.

मावशी पुन्हा त्याच कोपऱ्यात बसली. या वेळी खुंट्या भोकांत जाऊ लागल्या. भराभर नव्हे, पण एकामागून एक, बांधलेलं बोट ताठ धरून. पट्टीवरून चालताना एकदाच तोल गेला. आकडे उलटे म्हणताना मात्र भिंगरी तिथेच अडखळली जिथे मागच्या वेळी अडखळली होती. मावशीने डोळे मिटून घेतले. मग तिला कागद कापल्याचा आवाज आला, सावकाश, थांबून थांबून. डोळे उघडले तेव्हा गोल टेबलावर पडला होता. एका बाजूने चपटा होता.

“हा गोल की अंडं?” ठोकळेबाईंनी विचारलं.

“गोलच आहे,” भिंगरी म्हणाली. “जरा जेवून आलाय.”

ठोकळेबाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.  शेवटी त्या म्हणाल्या, “हात पुढे आलेत. चालणंही थोडं. लक्षाचं होतं तिथेच आहे. ते कदाचित असंच राहील, शाळेला मी चिठ्ठी देते, पेपरला जास्त वेळ मिळेल. पुढच्या वेळी पुन्हा बघू.”

“पण तिच्या आईसारखं...”

“तिच्या आईला येत होतं ते जात होतं. हिला येत नव्हतं ते येतंय. हळू येतंय. आज मला एवढंच सांगता येतं.”

मावशीने मान हलवली. आभार मानायचे राहून गेले. दाराशी कशीबशी चप्पल पायात सरकवली, पट्टा तसाच उघडा, आणि ती बाहेर आली. जिन्यावर दोनतीन पायऱ्या उतरली असेल नसेल, तोच ती पायरीवर मटकन बसली.

“काय झालं?” भिंगरी घाबरून शेजारी बसली. “चक्कर आली? मावशी? आज वार कोणता आहे?”

मावशीने तोंड उघडलं. वार आठवेना. खरंच आठवेना. ती भिंगरीकडे बघत राहिली.

“ठोकळेबाईंना हाक मारू?” भिंगरी म्हणाली, आणि हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशी खाली वाकून चपलेचा पट्टा लावू लागली.  पट्टा बक्कलात जाईना. लोक चढत होते, उतरत होते, त्यांना वळसा घालून जात होते.

“सोड,” भिंगरी म्हणाली. ती खालच्या पायरीवर गेली, गुडघ्यांवर बसली आणि मावशीचं पाऊल मांडीवर घेतलं. पट्टा बक्कलातून घातला. सुटला. पुन्हा घातला, ओढला, आणि भोक शोधू लागली. जीभ दातांत धरली होती तिने, धाकटी धरायची तशीच. ते पाहून मावशीच्या काळजात पुन्हा कळ उठली. भीती कुठे गेली नव्हती. ती आता जन्मभर बरोबर राहणार होती, हे मावशीला कळत होतं.

“घट्ट होतंय का?” भिंगरीने खालूनच विचारलं.

“नाही,” मावशी म्हणाली. “होऊ दे सावकाश.”

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि पट्टा लागेपर्यंत ते तिथून उचलले नाहीत.